न दिलेलं आमंत्रण

"देव विहिरीत टाकताना पाहिलंत की नाही, एवढंच सांगा," सरकारी वकील म्हणाले.

भोईवाड्याच्या कोर्टात मी साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा धरून उभी होते. समोर आरोपीच्या जागी कौसल्या, आमच्या पलीकडच्या चाळीतली. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन ती बौद्ध झाली होती. विहिरीचा गाळ काढताना तिच्या देव्हाऱ्यातले खंडोबा-म्हाळसेचे पितळी टाक निघाले आणि तिच्याच चाळीतल्या गणपतने फिर्याद दिली, देवांची विटंबना केली म्हणून. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात तिच्या नवऱ्याशेजारी लाठ्या खाल्लेला हाच गणपत. गुन्हा शाबीत झाला तर कौसल्या तुरुंगात जाणार होती, आणि पाहणारी मी एकटी.

"पाहिलं," मी म्हणाले. "पण तेव्हा ते देव नव्हते. पितळ होतं."

मागे कुणीतरी हसलं. "बकुळावैनी, रोज दोन दोन तास पूजा करता नि असं बोलता?" गणपत बाकावरून म्हणाला. मॅजिस्ट्रेटनी त्याला गप्प केलं.

यजमानांनी निघताना बजावलं होतं, "टाकताना पाहिलं म्हण नि गप घरी ये. तुझं नाव यात नको." यात माझाही हात होता, हे कुणी सांगितलंच नव्हतं. कौसल्येनेसुद्धा नाही.

"त्या पहाटे ती माझ्याकडे आली," मी सांगू लागले. "म्हणाली, 'ताई, मी आता पुजणार नाय. पण सासूनं जन्मभर पुजल्यात, असंच उचलून टाकवंना. तुम्ही निरोप द्या.' मी तिच्या घरी गेले. हळदकुंकू वाहिलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, अक्षता टाकून टाक जागचे हलवले. मग उरतं ते नुसतं पितळ."

वकिलांनी चष्मा काढला. "संपूर्ण विधी केलात?"

हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"शेवटी देवाला 'परत या' म्हणतात. तेवढं म्हटलं नाही."

"म्हणजे हाकलूनच दिलंत की."

"तिला परत बोलवायचं नव्हतं, साहेब. देवाला खोटं आमंत्रण कसं द्यायचं? मला तर तीच विटंबना वाटली असती."

कारकुनाची लेखणी थांबली. "लिहा," मॅजिस्ट्रेट त्याला म्हणाले, "जसंच्या तसं."

अपमानाचा हेतू दिसत नाही, असं म्हणून दुपारी त्यांनी कौसल्येला सोडलं.

यजमान आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दर शुक्रवारी माझ्याकडे आरतीला दहा-बारा बायका यायच्या. त्या शुक्रवारी कुणी आलं नाही. त्यांच्यातलीच सुंदराबाई गॅलरीत शेजारणीला सांगत होती, मला ऐकू येईल अशा बेताने, "जिच्या हातानं देव घर सोडतात, तिच्या हातचं तीर्थ घ्यायचं कसं गं?"

मी एकटीनेच आरती केली. चणे-गुळाची वाटी घेऊन वळले, तर बाहेर कौसल्या. आरती संपेपर्यंत ती कठड्याशी पाठमोरी उभी राहिली होती.

"बसू काय?"

"बैस ना."

ती उंबऱ्याबाहेर बसली. मी प्रसाद पुढे केला नाही, तिनं मागितला नाही. वाटीवर झाकण ठेवलं आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.