ठिपक्याची जागा

मनवाने लॅपटॉप रुचाकडे वळवला. दादरच्या त्या उपाहारगृहात दुपारी गर्दी नव्हती.

"हा तक्ता एक संशोधन संस्था दरवर्षी काढते. वर उजवीकडे आघाडीच्या क्लाउड कंपन्या, खाली डावीकडे आमच्यासारख्या." तिने एका निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "यंदा वर सरकलो नाही तर माझं काही खरं नाही. ती संस्था ग्राहक म्हणून तुला फोन करेल. चांगलं सांग हं."

परळच्या रक्ततपासणी प्रयोगशाळेत दोघी कित्येक वर्षं शेजारी बसल्या होत्या. रुचा तिथेच राहिली. मनवा मग क्लाउड कंपनीत गेली आणि तिथली सेवा तिने याच प्रयोगशाळेला विकली.

पुढच्या स्लाइडवर प्रयोगशाळेच्या नावाखाली लिहिलं होतं : आमची प्रणाली रुग्णाला आपोआप ओळखते.

गिरगाव शाखेतल्या 'डी. एस. लोटलीकर' आणि लालबागच्या 'दुर्गा लोटलीकर' या एकच रुग्ण, हे ठरवणारे नियम रुचाने लिहिले होते. वय, पत्ता, जुने अहवाल, सगळं ताडून.

"हे मी केलंय," रुचा म्हणाली.

"आमच्याच क्लाउडवर केलंस ना?"

"म्हणजे पोळी तव्याने केली?"

"मला तवा विकायचाय गं." मनवा हसली. हेच नियम ती परिषदांमध्ये मंचावरून समजावून सांगायची, फोटो टाकायची. प्रयोगशाळेत असताना तिची साधी आकडेमोडही रुचाला तपासावी लागे. रुचाला तिची नोकरी नको होती. तो मंच हवा होता.

संस्थेचा फोन आला. रुग्ण आपोआप ओळखले जातात का, असं विचारल्यावर रुचा म्हणाली, "नाही. ते नियम आमचे. त्यांच्याकडून जागा आणि वेग मिळतो." शब्दन् शब्द खरा होता. फोन ठेवल्यावर तिला जे समाधान वाटलं, ते नियम पूर्ण झाले तेव्हाही वाटलं नव्हतं.

नवा तक्ता आला. निळा ठिपका वर उजवीकडे होता.

"रुचा, तू कमाल केलीस," मनवा फोनवर म्हणाली. "बाकी सगळे 'आपोआप, आपोआप' करतात. ग्राहकाला स्वतःचे नियम लिहू देणारे आम्हीच, हे त्यांना तुझ्यामुळे पटलं. आता आमची जाहिरातच ती. तुमचे नियम, आमचा क्लाउड."

"त्यात माझं नाव?"

"कंपनीचं नाव जातं गं. माणसाचं कुठे? पण पुढच्या परिषदेत मी तुझा उल्लेख करणारे. 'आमची एक ग्राहक' म्हणून."

रुचाने थोडा विचार केला.

"मीच येऊन बोलते. ग्राहक स्वतः बोलला तर जास्त पटेल लोकांना. तुझ्या साहेबांना मेल टाकू?"



"त्या सत्रात मी बोलणार आहे," मनवा हळू म्हणाली. "बघते. विचारून सांगते."

"नको, मीच विचारते," रुचा म्हणाली, आणि मेल लिहायला घेतला.