काळ्या दगडाची ओवाळणी

आश्विन सरत आला होता. धुतल्या आभाळाखाली अजिंक्यतारा निळासावळा, निवांत पहुडला होता. त्याच्या अंगावरून सोनसळी ऊन घसरत खाली यायचं. कौलांवरून, गच्च्यांवरून, बोळांबोळांतून पायरीपायरीनं शहरात उतरायचं. उन्हाला पायऱ्यांचं काही वाटत नाही.

सातारा हे चढउतारांचं गाव. चढ संपला की उतार, उतार संपला की पायरी, पायरी चढली की ओटा. असल्या गावात हेमलता भोइटेनं चाकांच्या खुर्चीत बसून घर शोधलं होतं.

घर कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. भावाचं घर होतंच की. घाटातल्या अपघातात तिचे पाय गेले, तेव्हापासून धैर्यशीलनं, तिच्या थोरल्या भावानं, तिला आपल्याकडे आणलं होतं आणि फुलासारखं जपलं होतं. घर पहिल्या मजल्यावर होतं. खाली जायचं झालं की तो बाह्या सारायचा, तिला दोन्ही हातांवर उचलायचा आणि जिना उतरायचा. दारादारांतून माणसं बघायची. भाऊ असावा तर असा, म्हणायची.

उचललेल्या बाईला मात्र कुणी काही विचारत नाही. तोंड भावाच्या खांद्याशी, पाय अधांतरी, पदर सावरायला हात मोकळा नाही. तो कचेरीत असला की ती वर. तो गावाला गेला की ती वर. पावसाळे खिडकीतून आले, खिडकीतून गेले. उचलणाऱ्याचं नाव व्हायचं, उचललेलीचं नुसतं वजन उरायचं. तिला त्याचा राग यायचा, आणि मग त्या रागाची लाज वाटायची.

वैशाखात एके दिवशी तिनं सांगून टाकलं. संस्कृतच्या शिकवण्या घरबसल्या बऱ्या चालल्या होत्या. तेवढ्यावर एक लहानसं घर झेपलं असतं. तिची अट एकच होती. आपलं आपण आत जायचं, आपलं आपण बाहेर यायचं. मधे कुणाचे हात नकोत. पण हे शेवटचं वाक्य तिनं मनातच ठेवलं, कारण ते हात समोरच बसून तिला आंबा चिरून देत होते.

मग घरं बघणं सुरू झालं. काय एकेक घरं! एका घरातून किल्ला दिसायचा, चंद्र दिसायचा, फक्त न्हाणीघराच्या दारातून खुर्ची आत जायची नाही. एका इमारतीत लखलखीत लिफ्ट होती, आणि लिफ्टपर्यंत पोचायला पायऱ्या होत्या. एका मालकानं तिच्या डोक्यावरून धैर्यशीलला विचारलं, "यांना चहा चालतो का?" दुसऱ्यानं तोंडभर हसून सांगितलं की जागा देतो, पण बाईंनी मागच्या दारानं ये-जा करावी, पुढं जरा बरं दिसत नाही. हेमलतानं त्याच्या घराला नमस्कार केला आणि चाकं फिरवली.

आणि भाद्रपदात, गोडोलीच्या बाजूला, ते घर भेटलं.

तळमजला. नवी इमारत. रस्त्यावरून आवार, आवारातून व्हरांडा, व्हरांड्यातून दार, आणि दारातून थेट माजघर. सगळी एकच सलग, गुळगुळीत, दुधाळ फरशी. दारात ती क्षणभर थांबली. सवयीनंच, कारण दार म्हणजे आजवर थांबायची जागा होती. मग तिनं चाकांना हात दिला.

चाकं वाजली नाहीत. काही आडवं आलं नाही. ती आत होती. ती मागं फिरली, बाहेर आली. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. आत, बाहेर, आत, बाहेर. परकरी पोरीसारखी ती स्वतःच्याच दारात खेळत राहिली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि तिनं ती पुसली नाही. हेच घर, ती म्हणाली.

धैर्यशील मात्र दाराकडे बघत कपाळाला आठ्या घालून उभा होता. दाराला उंबरठा नव्हता. घराला उंबरठा नाही म्हणजे काय? ही काय धर्मशाळा आहे? लक्ष्मी येणार कशी, अन् आली तर थांबणार कशाला? बांधणाऱ्यानं बचतीपायी फरशी सरळ ओढलीय, आपण बसवून घेऊ, असं तो म्हणाला.

"नको दादा," हेमलता म्हणाली. "असंच राहू दे."

आता, आपल्याकडे 'नको'ला कोण भीक घालतं? पाहुणा पोळीला नको म्हणतो, आपण ताटात वाढतो. बहीण साडीला नको म्हणते, भाऊ जरीची आणतो. जो 'नको' ऐकून खरंच थांबला, त्याला माणूसघाणा म्हणतात. धैर्यशील माणूसघाणा नव्हता. बहिणीला खर्चाचा संकोच वाटतोय, एवढंच त्याला कळलं. आणि तिनंही पुढं कारण सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे 'तुझे हात मला नकोत' हेच सांगावं लागलं असतं. ते तिच्या ओठांवर आलं आणि तिनं गिळलं.

गृहप्रवेश भाऊबिजेला ठरला. त्याआधी घराची किल्ली धैर्यशीलकडे होती. रंग वाळू दे, तू मधे येऊ नको, असं तो हसत म्हणायचा.

भाऊबिजेची सकाळ हळदुली उगवली. दवानं भिजलेली, झेंडूनं माखलेली, अभ्यंगाच्या तेलाचा वास येणारी सकाळ. व्हरांड्यात शेजारपाजार जमला होता. दारावर तोरण झुलत होतं. उज्ज्वलावहिनी हळदकुंकवाचं तबक घेऊन आत उभी होती. हेमलतानं नवं लुगडं सावरलं आणि एकटीनं चाकं लोटत, हसत हसत ती दारापर्यंत आली.

दारात उंबरठा होता.

काळाभोर, वीतभर उंच, अखंड पाषाणाचा. घोटून घोटून आरशासारखा केलेला, मधोमध पितळी कमळ जडवलेला, हळदीकुंकवानं पुजलेला. त्यावर वहिनीनं रांगोळीची शुभ्र पावलं काढली होती. इतका देखणा उंबरठा त्या गल्लीत दुसरा नव्हता. धैर्यशील स्वतः खाणीवर जाऊन दगड निवडून आला होता, सिमेंट सुकेस्तोवर रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारत होता. तिच्या तोंडावरचा आनंद बघायला तो आता तिच्या बाजूला सरकला.

"ही तुझी भाऊबीज, हेमा," तो म्हणाला.

हेमलता दगडाकडे बघत राहिली. पुढचं चाक त्याला टेकलं होतं. फळी टाकता येईल का, असं तिनं अगदी हळू विचारलं. वहिनीनं आतूनच जीभ चावली. उंबरठ्यावर आपण पाय देत नाही वन्सं, त्यावर चाकं घालायची?

"दादा, मला आत जाता येणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं ते त्याला तोंडावर सांगितलं. धैर्यशील मायेनं हसला, खुळीच आहेस म्हणाला, आणि त्यानं बाह्या सारल्या.

"अगं, मी आहे ना."

आणि त्यानं तिला उचललं. पाय अधांतरी झाले. पदर घसरला. मागं टाळ्या वाजल्या, कुणीतरी डोळे टिपले, कुणीतरी म्हणालं, भाऊ असावा तर असा. लक्ष्मी आली, लक्ष्मी आली, अशा गजरात तिला तिच्या घरात नेऊन ठेवलं. खुर्ची मागून शेजाऱ्यांनी आणली.

तिनं भावाला ओवाळलं. ओवाळणी परत करत नाहीत. निरांजनाच्या ज्योतीपलीकडे त्याचा कृतार्थ, भोळा, घामेजला चेहरा होता, आणि त्या क्षणी तिला त्याचा द्वेष वाटला. स्वच्छ, थंड, त्या दगडासारखा घोटीव द्वेष. तिनं त्याच्या कपाळी कुंकू लावलं. दीर्घायुषी हो, म्हणाली. सगळ्यांनी करंज्या खाल्ल्या.

तिन्हीसांजेला मंडळी निघाली. दिवाळीच्या दिवसांत दिवेलागणीला दार लावत नाहीत, म्हणून दार उघडंच राहिलं. धैर्यशीलनं जाताना उंबरठा ओलांडला, वळला, आणि प्रेमानं सांगितलं की कुठं जायचं झालं तर नुसती हाक मार, दहा मिनिटांत येतो.

मग आवारातली पावलं विरली. किल्ल्यावरचं ऊन मावळलं. उघड्या दाराबाहेर तीच सलग, दुधाळ फरशी दूर रस्त्यापर्यंत गेली होती. हेमलतानं चाकांना हात दिला. चाक दगडाला लागलं. ती मागं सरली, पुन्हा आली. पुन्हा लागलं.

ती वाकून बघत बसली. काळ्या दगडावर पांढरी पावलं होती, पणतीच्या उजेडात उमटून दिसणारी, लहान लहान, नाजूक. सगळी आत येणारी होती. बाहेर जाणारं त्यांत एकही नव्हतं.