उत्तर क्रमांक सात

आमच्या मेल ॲपच्या मदतकक्षात लोकांचे प्रश्न तेच ते असतात. पासवर्ड विसरलो, घंटी वाजत नाही, मेल गेला नाही. म्हणून उत्तरंही तयार ठेवलेली असतात, क्रमांक टाकून. सात म्हणजे ‘अकाउंट फोनमधून काढा आणि पुन्हा जोडा.’ प्रश्न डोक्यावरून गेला की सात, जेवायची वेळ झाली की सात. यावर आम्ही खूप हसायचो. मी जरा जास्तच.

एकदा एका म्हाताऱ्या शिंप्याने विचारलं, ‘आउटबॉक्समध्ये एक मेल अडकलाय, कसा पाठवू?’ पुढे चांगल्या दहा ओळी होत्या. लोकांना पाल्हाळ लावायची हौसच फार. मी सात पाठवून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी त्याचं आलं, ‘ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. आता तिथे काहीच दिसत नाही. मेल परत कधी येईल?’

तेव्हा कुठे मी त्या दहा ओळी वाचल्या. फोन त्याच्या बायकोचा होता. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी तिने दवाखान्यातून परदेशातल्या मुलाला मेल लिहिला होता. सोबतचा फोटो जड, म्हणून तो गेला नाही. म्हाताऱ्याने तो उघडलाही नव्हता. ‘दुसऱ्याचं पत्र आपण वाचू नये,’ असं त्याने लिहिलं होतं. न गेलेला मेल फक्त फोनमध्ये असतो, अकाउंट काढलं की तोही पुसला जातो. हे मला तोंडपाठ होतं.

खरं सांगायला हवं होतं. मी पाठवलं, ‘आम्ही तपासत आहोत.’ ते उत्तर क्रमांक दोन.

मग रोज सकाळी नऊला रांगेत पहिला प्रश्न त्याचाच. ‘ताई, आला का?’ चार महिने मी दोन पाठवत राहिले. घरी भाजी चिरताना त्याचा आवाज कानात यायचा, आणि तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. एक दिवस प्रश्न थांबले. सुटले बाई, असं वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

गेल्या महिन्यात एका सकाळी नऊला पुन्हा त्याच पत्त्यावरून प्रश्न आला. लिहिणारा त्याचा मुलगा होता.

‘बाबा गेले. त्यांच्या आउटबॉक्समध्ये तुमच्या मदतकक्षाला लिहिलेला मेल अडकलाय. विषयात “ताईंना” असं आहे, सोबत फोटो आहे. मी उघडला नाही, बाबांना आवडलं नसतं. कसा पाठवू?’

खाली ॲपने आपणहून उत्तर सुचवलं होतं. सात.

खरं उत्तर मी लिहून ठेवलंय. ‘मेल उघडा, फोटो काढा, पाठवा. अकाउंटला हात लावू नका.’ दोन मिनिटांचं काम. पण बोट पुढे जात नाही. आत शिव्या असतील तर खाईन. ‘ताई, मनाला लावून घेऊ नका’ असं असलं, तर मी काय करू?

आता मुलगा रोज नऊला विचारतो, ‘काही कळलं का?’

मी दोन पाठवते.