सोनेरी पेटीचं मागचं दार

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, जादूगाराची. माझ्या अंगावर सोनेरी रंग आहे आणि त्या रंगाची मला चीड येते. का, ते ऐका.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवलं. जादूगाराला घाई होती, पण सुतार बधला नाही. "आत जिवंत माणूस बसणार आहे. मागचं दार आतून अलगद उघडलं पाहिजे," असं म्हणत त्याने ते शंभरदा उघडून पाहिलं.

आत बसायची जादूगाराची धाकटी बहीण. अंगाची घडी करून ती माझ्यात मावायची, मागच्या दाराने सटकायची आणि धावत जाऊन प्रेक्षकांच्या मागे उभी राहायची. मग दादा झाकण उघडायचा. पेटी रिकामी! टाळ्या दादाला, गुडघेदुखी बहिणीला. सत्तावीस वर्षं हेच चाललं. तिचं नाव एकाही पोस्टरवर आलं नाही. माझं आलं, 'अद्भुत पेटी' म्हणून. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरंही वाटायचं.

मग टीव्हीवर जादूगारांचा पुरस्कार सोहळा ठरला. सर्वश्रेष्ठ जादूगार कोण, तर आमचा दादा! वाहिनीचा रंगारी मला सोनेरी करायला आला. भला माणूस होता. त्याने विचारलं, "साहेब, कुठे दारबिर आहे का? रंगाने चिकटेल."

"छे हो! साधी पेटी आहे. चारी बाजूंनी फासा," दादा म्हणाला. गुपित फुटेल ना! रंगाऱ्याने फासला. मागच्या दाराच्या फटी बुजल्या. रंग वाळेपर्यंत सोहळ्याचा दिवस उजाडला, सरावही झाला नाही.

सोहळ्यात बहीण आत बसली, झाकण मिटलं. तिने दार ढकललं. हलेना. खांदा लावला, नखांनी ओरबाडलं. शेवटी ठरलेली खूण केली, तीन टकटक. म्हणजे, दादा, अडकले, उघड.

दादाने ती ऐकली. मला ठाऊक आहे, त्याचा हात माझ्याच झाकणावर होता आणि तो दचकला. पण कॅमेरा चालू होता. "बघा, पेटीसुद्धा टाळ्या वाजवतेय!" तो म्हणाला. सभागृह खो खो हसलं. मग त्याने आभार मानले. गुरूंचे, वाहिनीचे, कोट शिवणाऱ्या शिंप्याचे, आणि माझेसुद्धा! मेल्या, माझे आभार कसले मानतोस? ती गुदमरतेय रे! पण लाकडाला तोंड कुठलं?

अखेर झाकण उघडलं. आत बहीण, घामाने निथळत. दादा हसून म्हणाला, "आज छोटीची जरा चूक झाली."

तिने त्याचा हात झिडकारला आणि स्वतःच बाहेर आली. "चूक झालीच, दादा. तू उघडशील या भरवशावर सत्तावीस वर्षं आत बसले," एवढं बोलून ती निघून गेली.

सोहळा टीव्हीवर नंतर दाखवला, त्यात तुम्ही हे पाहिलं नाही. ती गेल्यावर मला पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं आणि तेवढंच दाखवलं. पेटी रिकामी! घरोघरी टाळ्या पडल्या. त्या खोटेपणात मीही सामील होते, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

आता मी वाहिनीच्या गोदामात पडून आहे. येणारेजाणारे म्हणतात, "रंग अजून कसा लखलखतोय!" मित्रांनो, माझा रंग पुसायच्या, चमकवायच्या भानगडीत पडू नका. पटाशी घ्या आणि आधी मागचं दार मोकळं करा. उद्या कोणीतरी मला पुन्हा रंगमंचावर नेईल, आणि आत पुन्हा कोणाची तरी बहीण बसेल.