मालनचा अर्ज

"हा नको, सरोजताई." आनंदरावांनी तो कागद गठ्ठ्यातून वेगळा काढला. "स्मरणिकेत हा कशाला?"

कल्याणच्या इतिहास मंडळाचे ते अध्यक्ष. येत्या रविवारी सरदार रंगरावांचा स्मृतिसोहळा होता. सरदारांच्या वंशजांनी दिलेले मोडी कागद गेले तीन महिने सरोज वाचून देत होती. भूमी अभिलेखच्या कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करताना ती मोडी शिकली होती.

"यात रंगरावांनी सात वर्षांची मुलगी लेकीच्या आंदणात दिलीय. बटीक म्हणून," सरोज म्हणाली.

"त्या काळी सगळेच देत होते. आजच्या मापानं त्यांना कसं मोजणार? तेव्हा त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं."

"मुलीच्या आईला वाटलं होतं. हा तिचाच अर्ज आहे. काळ तोच, सर."

आनंदरावांनी तो कागद तिच्याकडे परत सरकवला. मग समजुतीनं म्हणाले, "त्यांनी विहिरी बांधल्या, दुष्काळात कोठारं उघडली. लोकांना तेवढं कळलं तरी पुष्कळ आहे. आणि हो, ऋजुताची पर्मनंटची ऑर्डर याच महिन्यात काढतोय. पोरगी चांगलं शिकवते."

ऋजुता सरोजची सून, साकेतची बायको. आनंदराव विश्वस्त असलेल्या शाळेत चार वर्षं कंत्राटावर होती. त्यांच्या बोलण्यात धमकी अजिबात नव्हती.

घरी आल्यावर सरोजनं अर्जाची बाळबोध लिपीतली नक्कल काढली. रविवारी तिचा सत्कार होता आणि एक कागद तिला मोठ्यानं वाचून दाखवायचा होता. कुठला, ते कुणी सांगितलं नव्हतं. तिनं नक्कल पर्समध्ये ठेवली.

सभागृह भरलं होतं. शाल, श्रीफळ झालं. सरोज माइकपाशी आली, पर्स उघडली. दुसऱ्या रांगेत ऋजुता मोबाइल वर धरून शूटिंग करत होती, हसत होती. तिच्या शेजारी शाळेच्या मुख्याध्यापिका बसल्या होत्या.

सरोजनं पर्स बंद केली. टेबलावरची स्मरणिका उचलून त्यातला विहिरीचा कागद वाचला. वाटसरूंसाठी बांधलेली विहीर, तिच्या दुरुस्तीची नेमणूक. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या.

संध्याकाळी कोपरच्या घरी ऋजुता मटार सोलायला बसली. "आई, काय भारी वाचलंत! मॅडमपण म्हणाल्या. साकेतला व्हिडिओ पाठवला मी."

सरोज तिच्यासमोर बसली. "दुसराच वाचणार होते," म्हणाली आणि पर्समधली नक्कल काढून वाचू लागली. "मालन नामें पोर, वय वर्षें सात, माझे पोटची. म्यां कोणास विकिली नाहीं, कोणास दिल्ही नाहीं. पाणी आणावयास गेली ते वाड्यांत ठेऊन घेतली, आतां सरदारांचे लेकीचे आंदणांत दिल्ही. तिजला रात्रीं एकटी निजवत नाहीं. साहेबीं न्याव करून पोर माघारी द्यावी."

ऋजुताचे हात थांबले.

"हे का नाही वाचलंत?"

सरोजनं नजर कागदावरच ठेवली. ऋजुतानं तिच्याकडे पाहिलं, मग खाली मान घातली. तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

"मग? मिळाली का ती परत?" तिनं हळूच विचारलं.

"अर्जाच्या पाठीवर शेरा आहे. दफ्तरी दाखल करणें."

"म्हणजे?"

"म्हणजे काही करायचं नाही. कागद नुसता ठेवून द्यायचा." सरोजनं नक्कल गुडघ्यावर सरळ केली. "कचेरीत मीही हाच शेरा लिहायचे. साहेब सांगायचे, मी लिहायचे. लोक जिन्यात बसून असायचे."

ऋजुतानं पुढ्यातली एक शेंग उचलली. सोलली नाही, नुसतीच बोटांत धरून बसली. आत कुकरची शिट्टी झाली. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.