बाजारात वाचलेलं पान

"आज ते पान नको," पुस्तकांचं गाठोडं खाली ठेवत सावळीराम बायकोला म्हणाला. "पायाळू मुलाचं वाच. वार अडकल्याचं वाच. तेवढं एक सोड."

चंद्रभागाने पदर खोचला आणि चांदवडच्या बाजारावरून नजर फिरवली. कांद्याच्या गोण्यांपलीकडे दोरखंडवाल्याचं पाल होतं. तिथे तिघे जण उभे होते. मधला रंगनाथ, त्याच्या शेजारी त्याचा धाकटा भाऊ बारकू, आणि मागे कुणी तरी भाऊबंद. घेत काहीच नव्हते, नुसते इकडे पाहत होते.

"आलेत," ती म्हणाली.

"बघितलं मी. म्हणून तर सांगतोय."

चंद्रभागाची सगळी नोकरी खेड्यापाड्यांत नर्स म्हणून गेली होती. आधी चांदवड भागात, नंतर सिन्नरकडे. निवृत्त झाल्यावर तिने एक पुस्तक लिहिलं. पोटुशी बाई दवाखान्यात कधी हलवायची, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे खेड्यातल्या बायकांना कळेल अशा भाषेत सांगितलं आणि मध्ये मध्ये डोळ्यांनी पाहिलेले प्रसंग घातले. प्रकाशक मिळेना, तेव्हा नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात तिने ते स्वतःच छापून घेतलं. मुखपृष्ठाला पत्रिकांचा उरलेला गुलाबी कागद लावला. नाव ठेवलं, 'बाई वाचली पाहिजे'. छापखानेवाल्याने विचारलं होतं, "बाईनं वाचलं पाहिजे, असं म्हणायचंय का?" ती म्हणाली होती, "दोन्ही."

छापून झालं आणि खरी अडचण पुढे आली. नाशिकच्या एका पुस्तकवाल्याने चार पानं चाळली आणि पुस्तक पालथं घालून परत दिलं. "अहो बाई, हे काचेत कसं लावू? गिऱ्हाईक काय म्हणेल?" दुसऱ्याने ठेवून घेतलं, पण रद्दीच्या पोत्याच्या मागे. वर्तमानपत्रात जाहिरात देणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. घरातल्या खाटेखाली गुलाबी गठ्ठे तसेच पडून राहिले.

मग सावळीरामने मनावर घेतलं. एसटीच्या डेपोत पेंटर म्हणून त्याने आयुष्यभर गाड्यांच्या पाट्या रंगवल्या होत्या. त्याने पत्र्यावर पुस्तकाचं नाव झोकात रंगवलं. छापखान्यातल्या कातरणांवर हाताने मजकूर लिहून पत्रकं केली, कणकेच्या खळीने बसस्टँडवर डकवली. पण पत्रक वाचायचं तर अक्षर यायला हवं. ज्यांच्यासाठी पुस्तक होतं त्यांच्यातल्या निम्म्याअधिक बायकांना ते येत नव्हतं.

"वाचता येत नाही, ऐकता येतं ना?" सावळीराम म्हणाला. तरुणपणी तो जलशात गायचा. त्याने जुनी खंजिरी फळीवरून काढली. आठवडे बाजारात जायचं, कासारणीच्या शेजारी बसायचं, कारण बांगड्या भरायला बसलेली बाई हात अडकल्यामुळे लवकर उठत नाही. त्याने खंजिरी वाजवायची, तिने वाचायचं. जिथे ऐकणाऱ्यांचा श्वास अडकेल तिथे थांबायचं. "पुढं काय झालं ते पुस्तकात!" असं म्हणून त्याने थाप मारायची.

श्वास हमखास अडकायचा तो एकाच पानावर. एक पहिलटकरीण अडलेली आहे. नर्स धावत येते. ती बौद्ध म्हणून सासू तिला ओट्यावरच थांबवते आणि दार लावून घेते. आतून किंकाळ्या येतात. इथे थाप पडायची. गुलाबी पुस्तकं हातोहात जायची. बायका म्हणायच्या, घरात शिकलेली पोर आहे, ती वाचून दाखवील.

त्या थापेपाशी थांबणं चंद्रभागाला दर वेळी खटकायचं. पण पुस्तकं जात होती, म्हणून ती थांबत राहिली.

गेल्या आठवड्यात सिन्नरच्या बाजारात थाप पडली, आणि गर्दीतून एक चाळिशीला टेकलेला माणूस पुढे आला.

"वळखलं का, नर्सबाई? निमवाडीचा रंगनाथ मी. ज्या ओट्यावर तुमी बसला व्हता ना, तो ओटा माझा."

तिने ओळखलं. तेव्हा तो मिसरूड फुटलेला पोरगा होता.

"मी नाव नाही घातलं, रंगनाथभाऊ. गावाचंही नाही."

"नाव कशाला पायजे? त्या टायमाला त्या भागात नर्स तुमीच. लोक काय येडे हायेत?" तो जवळ आला. आवाज चढवला नाही. "माझ्या पोरीची, मथुराची सोयरीक चांदवडला चाललीय. तिला ठाव हाय, आई काविळीनं गेली. सोयऱ्यांना बी तेच सांगितलंय. आन् तुमी खोटं लिवलंय. माझ्या आईनं नाय अडवलं तुमाला. माझी बायको, फुलाबाईच नको म्हनली व्हती तुमचा हात. मी सुईण आनाया गेलतो, माघारी आलो तवा आईनं सांगितलं मला."

"सगळं पान ऐकलंत का तुम्ही?"

"सगळं कुठं वाचता तुमी?" तो म्हणाला. "तिचं वरडनं आर्धं ऐकवायचं, आन् बाकीचं इकायचं. माझ्या बायकोच्या मरनावर बाजार मांडलाय तुमी."

चंद्रभागाने उघडं पान मिटलं.

"चांदवडला हे पान निघालं तर गाठोडं माघारी जायाचं नाय," जाता जाता तो म्हणाला. "बारकू माझं ऐकत नाय. सांगून ठेवतो."

त्या दिवसापासून सावळीराम धड जेवला नव्हता. "आपण दोघं, आणि सगळा बाजार त्यांचा," तो म्हणत राहिला. "आपल्या माणसांना कोण सोडवायला येतं, तुला माहीत नाही का?" तिला माहीत होतं. पण तिला टोचत होतं ते वेगळंच. अर्धं ऐकवायचं आणि बाकीचं विकायचं. त्यात खोटं काही नव्हतं.

आता शकुबाई कासारणीने टोपली उघडली, बायका बसायला लागल्या. सावळीरामने खंजिरी वाजवली, पण हात जड होता. चंद्रभागाने पायाळू मुलाचा प्रसंग वाचायला घेतला. बायका सरकून बसल्या. एक म्हातारी आपल्या पोटुशा सुनेला घेऊन अगदी पुढे येऊन बसली. सून कोवळी होती. एका हाताने पोट धरून ऐकत होती.

दोरखंडवाल्याच्या पालाकडचे तिघे हळूहळू पुढे आले आणि बायकांच्या मागे उभे राहिले.

प्रसंग संपला. चंद्रभागा पुस्तक मिटणार, तेवढ्यात ती सून म्हणाली, "बाई, ते दाराचं वाचा की. माझ्या नणंदेनं सिन्नरला आर्धंच ऐकलं. काय झालं वो तिचं? वाचली का?"

"हां, ते वाचा," आणखी दोघी-तिघी म्हणाल्या.

"नाय वाचायचं!" मागून बारकू ओरडला. बायका वळल्या. सावळीराम उठून उभा राहिला. खंजिरीच्या चकत्या वाजल्या.

चंद्रभागा उठली. बायकांमधून वाट काढत ती रंगनाथसमोर गेली. कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "तुमच्या पोरीला उद्या दिवस जातील, भाऊ. तिच्या सासरी कुणी दार लावलं, तर काय करायचं हे तिला कोण सांगणार?"

रंगनाथने हात जोडले. ते तिला अपेक्षित नव्हतं. धमकी आली असती तर सोपं गेलं असतं.

"पाया पडतो. लग्न होऊ द्या. मग काय वाचायचं ते वाचा."

मागे त्या पोटुशा पोरीची चुळबुळ ऐकू येत होती. मोठी झालेली मथुरा तिने पाहिली नव्हती, पाहिली होती ती नुकती जन्मलेली, एवढीशी, रक्तामातीतली. ही पोर मात्र समोर होती, भरल्या दिवसांची.

"अर्ध्यावर थांबत होते ते चुकलंच माझं," ती म्हणाली. "आज शेवटपर्यंत वाचते. तुम्हीही ऐका. तुम्ही ते ऐकलेलं नाही."

ती परत येऊन बसली आणि तिने पान उघडलं. दुपारची वेळ, ओटा, सासूचं दार लावून घेणं. नेहमीची जागा आली. सावळीरामचा हात सवयीने वर गेला. तिने मान हलवली. तो हात तसाच खाली आला.

"'मी दार ठोठावत होते,'" ती वाचत राहिली. "'आतून ती मुलगी म्हणाली, आत्याबाई, बाईंना आत घ्या. मला जगायचंय. सासू म्हणाली, तिचा हात लागला तर घर बाटंल. मुलगी पुन्हा म्हणाली, बाटू द्या. पाया पडते, बाईंना आत घ्या. ती म्हणत राहिली. मग नुसती कण्हायला लागली. मग तेही थांबलं. आवाज येईना तेव्हा सासू घाबरली आणि तिने आपल्या हाताने दार उघडलं. मी बाळ सोडवलं. मुलगी होती, रडली. आईचं अंग तोवर गार पडायला लागलं होतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला जीप मिळाली असती. वेळ दारापाशी गेला.'"

तिने पुस्तक खाली ठेवलं. शकुबाईच्या हातात बांगडी तशीच राहिली होती.

बारकूने पहिली लाथ गाठोड्याला मारली. गुलाबी पुस्तकं कुजक्या पाल्याच्या चिखलात उडाली. दुसऱ्या क्षणी त्याने सावळीरामची कॉलर धरली. "लय माजलात! आमच्या म्हातारीचं नाव…"

"बारक्या, सोड त्याला."

रंगनाथचा आवाज ओळखू येत नव्हता. बारकूने भावाकडे पाहिलं आणि हात ढिला केला.

रंगनाथ चंद्रभागाकडे आला. "म्हनली ती? बाटू द्या म्हनली?"

"म्हणाली."

"मला हाक मारली का?"

चंद्रभागाला खोटं सांगता आलं असतं. "नाही, भाऊ. तुम्ही सुईण आणायला गेलात हे तिला माहीत होतं."

त्याने मान हलवली. आणखी काही विचारायचं होतं, पण तो वळला आणि गोण्यांच्या बाजूने चालत सुटला. बारकू शिव्या देत त्याच्या मागे गेला.

बायका पुस्तकं वेचत होत्या. त्या पोटुशा सुनेने एक पदराने पुसून सासूपुढे धरलं. म्हातारीने कमरेची चंची सोडली. "घे," ती म्हणाली. कुणाकडेही न बघता म्हणाली.

महिनाभराने शकुबाईकडून निरोप आला. मथुराची सोयरीक मोडली. चांदवडच्या मंडळींनी कारण सांगितलं नाही, फक्त येणं बंद केलं.

चंद्रभागाने बाजारात जाणं बंद केलं. चिखलाने फुगलेली पुस्तकं गच्चीवर वाळून पुन्हा खाटेखाली गेली.

"तू वाचलंस ते चुकलं असं मी म्हणत नाही," एकदा सावळीराम म्हणाला.

"मग काय म्हणता?"

"पोरीचं वाईट वाटतं."

"मला काय नाही वाटत?" ती म्हणाली.

थंडीच्या सुरुवातीला एका दुपारी वसाहतीतली पोरं एका मुलीला दारापर्यंत घेऊन आली. हातात कापडी पिशवी, पायांत धूळ. चांदवडहून एसटीने आलेली दिसत होती. चंद्रभागा तांदूळ निवडत होती. मुलगी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"नर्सबाई तुमीच ना? मी मथुरा. निमवाडीची."

चंद्रभागाच्या हातातलं सूप खाली आलं. सावळीराम आतून बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. आपल्याला काय ऐकावं लागणार आहे, ते दोघांनाही कळत होतं.

"आत ये," चंद्रभागा म्हणाली.

मुलगी आत आली. खाटेवर न बसता खाली बसली.

"लग्न मोडलं माझं."

"कळलं मला."

"मी भांडाया नाय आले. आजी लय भांडली दादांशी, माझ्या बापाशी. दादा बोलतच नाय तिच्याशी आता." तिने पिशवीतून ते पुस्तक काढलं. गुलाबी कागदावर चिखलाचा डाग होता. "दादांनी आनलं. वाच म्हनले मला. सातवी झालेय मी." ती पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "घरात आईचा फोटो नाय. कशी व्हती ती?"

चंद्रभागाने आठवून पाहिलं. खिडकी लावलेली खोली, बारीक दिवा, घामाने भिजलेला चेहरा. त्यापलीकडे काही नव्हतं.

"दिसायला कशी होती ते मला नीट नाही सांगता येणार, बाळ. मी आत गेले तोवर… मी तिला फार पाहिलंच नाही. आवाज मात्र ऐकला. बराच वेळ ऐकला."

"कसा व्हता?"

"थोडा घोगरा. शब्द तोडून बोलायची." तिने मुलीकडे पाहिलं. "तुझ्यासारखाच."

मुलीने आपल्या गळ्यावर बोटं ठेवली. सावळीरामने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला. तिने तो हातात घेतला, पण प्यायली नाही. कुणाला ऐकवायचं नाही अशा बेताने तिने आईचं नाव घेतलं, "फुलाबाई."

मग जरा मोठ्याने, आपलाच आवाज ऐकत ऐकत, पुन्हा एकदा.