नावं कोण वाचतं?

दादाचं लग्न झालं त्या वर्षी मी आहेरात या घरात आलो. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. आता माळ्यावर, फुटक्या बादलीशेजारी पडून असतो. माझं एक बटण तुटलंय, आतला पट्टा सैल झालाय. राग मात्र शाबूत आहे. तो का, ते ऐका मित्रांनो.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. वहिनीने मला झालरीचं आवरण शिवलं. पाहुणे आले की दादा मला मुद्दाम मोठ्याने लावी. मग टीव्ही आला आणि माझ्यावर इस्त्रीचे कपडे साचू लागले.

दादाच्या लग्नाला बारा वर्षं झाली, तेव्हा आईला अर्धांगवायू झाला. तिची वाचा गेली.

"डोकंही गेलंय तिचं," दादा म्हणाला.

त्याची धाकटी बहीण शिवणकाम करायची. ती म्हणाली, "तुझं जागेवर आहे ना? मग झालं."

एकदा धाकटी आईला हाताला धरून सिनेमाला घेऊन गेली. पडद्यावर कुणीतरी व्हायोलिन वाजवत होतं. नायिकेने दार आपटलं आणि ते वाजवणं तुटलं. आई त्याच्याबरोबर गुणगुणत होती, ती थांबली नाही. ती पुढे गुणगुणत राहिली! लग्नाआधी ती व्हायोलिन शिकली होती. नंतर कुणी तिला वाजव म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाकटीने मला शालीखाली लपवून थिएटरात नेलं. तो तुकडा मी टिपला, शेजारच्याच्या खोकल्यासकट. घरी तो लावला. दार आपटलं, आणि आई पुन्हा पुढे गुणगुणली. धाकटीने तेही माझ्यात टिपून घेतलं.

"घुमते नुसती," दादा म्हणाला. "वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय मी."

"ही खरी रचना आहे, दादा. नाव मिळू दे, अख्खी आणून ऐकवते तुला."

"आणशील तेव्हा आण."

त्याच आठवड्यात त्याने आईला पोहोचवून दिलं.

कॅसेटवाल्याने माझा तुकडा ऐकून छातीठोकपणे दोन नावं सांगितली. दोन्ही चुकीची. खरं नाव सिनेमाच्या शेवटी येणाऱ्या नावांत असणार. पण नायक-नायिका भेटले रे भेटले, की थिएटरात दिवे लागत आणि पडदा कोरा! दर खेळाला तेच. शेवटी धाकटी मला काखेत मारून ऑपरेटरच्या खोलीत घुसली.

"नावं कोण वाचतं, बाई?"

"मी वाचते! मी माणूस नाही का?"

"घरी जा हो. पुढचा खेळ लावायचाय."

"मग लाव माझ्या अंगावरून जाऊन."

ती दारातच बसली. वैतागून त्याने उरलेलं रीळ चालवलं. कपडे धुणाऱ्याच्याही नावाखाली, अगदी तळाला, त्या रचनेचं नाव होतं. आम्ही गावभर वणवण केली, आणि नाव इथे पत्र्याच्या डब्यात गुंडाळून पडलेलं! चीड येणार नाही तर काय?

कॅसेट गुरुवारी मिळाली. धाकटीने दादाला माझ्यासमोर बसवलं. आधी आईचं गुणगुणणं लावलं, मग ती कॅसेट. जिथे सिनेमात दार आपटलं होतं, तिथून व्हायोलिन पुढे गेलं ते आईच्याच वाटेने. एक स्वर इकडचा तिकडे नाही.

दादाची मान खाली गेली. तो म्हणाला, "रविवारी आणू तिला. सुट्टी आहे."

रविवारी! अरे, तुझ्या पायांत काय बेड्या होत्या?

मित्रांनो, पडद्यावर शेवटची नावं चालू असताना उठू नका. ज्याला बोलता येत नाही, त्याला ऐकून घ्यायला सुट्टीची वाट बघू नका. मला भंगारात टाकायचं तर टाका, पण आतली टेप आधी काढून घ्या. तिच्यात आई आहे.

आई शनिवारी पहाटे वृद्धाश्रमात वारली.